दार कोणासाठी उघडते?

२०२५ च्या मे महिन्यात एका रात्री अमेरिकेतून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "जयभीम सर, माझे काम बंद झाले," एवढेच तो प्रथम म्हणाला. मला वाटले, वरिष्ठांशी काही वाद झाला असेल. तसे नव्हते. ज्या संशोधन प्रकल्पात तो काम करीत होता त्याचे सरकारी अनुदान एका पत्राने रद्द झाले होते. प्रकल्प होता शहरातल्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांतील मुलांना होणाऱ्या दम्याचा. हा विषय आता सरकारच्या अग्रक्रमात बसत नाही, असे पत्रात लिहिले होते.

ह्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जात. वसतिगृहात राहून तो शिकला. तिकडच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून त्याने पीएच.डी. केली आणि पुढे त्याच प्रकल्पात त्याला संशोधकाची जागा मिळाली. मी विचारले, "तुझ्या प्रमुखांचे काय?" तो म्हणाला, "सर, त्यांना युरोपातल्या एका विद्यापीठाने बोलावले आहे. ते जातील. पण बोलावणे त्यांना आहे, आम्हाला नाही. प्रकल्पात आम्ही सहा जण होतो."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी जे मिळेल ते वाचू लागलो. संशोधनाचा पैसा येतो कुठून, तो कापला म्हणजे नेमके काय कापले जाते, आणि देश सोडून जाणारा विद्वान जातो म्हणजे कोण जातो? हे प्रश्न परदेशातले म्हणून आपण बाजूला ठेवू नयेत असे माझे मत झाले आहे. परदेशी शिक्षण हा आपल्या चळवळीच्या जन्मकथेचाच भाग आहे. म्हणून जे मला समजले ते कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांपुढे मांडतो.

पैसा कसा चालतो

अमेरिकेतील विद्यापीठे श्रीमंत आहेत, मग सरकारने हात आखडला तर बिघडले कुठे, असे अनेकांना वाटते. हा समज अपुरा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, व्हॅनेव्हर बुश ह्या शास्त्रज्ञाने तेथील अध्यक्षांना एक अहवाल दिला. मूलभूत संशोधनाचा खर्च सरकारने करावा आणि ते संशोधन विद्यापीठांनी करावे, असे त्याचे सूत्र होते. १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन निघाले. आरोग्यविषयक संशोधनासाठी नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ ही संस्था वाढत गेली. तिचा वार्षिक अर्थसंकल्प सुमारे ४,७०० कोटी डॉलरचा आहे आणि त्यातला ८० टक्क्यांहून अधिक पैसा संस्थेबाहेरच्या विद्यापीठांना, रुग्णालयांना आणि संशोधनसंस्थांना वाटला जातो.

हा पैसा विद्यापीठाच्या तिजोरीत एकरकमी पडत नाही. एकेक प्राध्यापक आपला प्रश्न मांडून अर्ज करतो. त्या विषयातले इतर जाणकार तो तपासतात. मंजूर झाला तर चारपाच वर्षांसाठी अनुदान मिळते. ह्या अनुदानातून काय होते हे नीट पाहिले पाहिजे. त्यातून रसायने आणि यंत्रे तर येतातच, पण माणसांचे पगारही त्यातूनच होतात. पीएच.डी. करणारा विद्यार्थी, पीएच.डी. झाल्यावर तात्पुरत्या जागेवर काम करणारा संशोधक, वस्तीत जाऊन माहिती गोळा करणारी बाई, प्रयोगशाळेतील साहाय्यक, ही सगळी माणसे अनुदानावर जगतात. प्राध्यापकाची जागा बहुधा कायम असते. बाकीच्यांची नसते.

शिवाय प्रत्येक अनुदानाबरोबर संस्थेला इमारत, वीज, ग्रंथालय, हिशेब ह्यांसाठी वेगळी रक्कम मिळते. मोठ्या विद्यापीठांत ही रक्कम मूळ अनुदानाच्या ५० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचा हुकूम निघाला. न्यायालयाने तो अडवला. पण हुकूम निघताच अनेक विद्यापीठांनी नव्या नेमणुका थांबवल्या आणि पीएच.डी.चे प्रवेश कमी केले. पैसा प्रत्यक्ष कापला जाण्याआधीच भीतीने जागा कापल्या गेल्या. आपल्याकडे भरतीवर 'स्थगिती' येते तेव्हा काय होते हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आधी प्रश्न कापले गेले

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सरकार बदलले. पुढच्या काही महिन्यांत आरोग्य संस्थेची दोन हजारांहून अधिक आणि सायन्स फाउंडेशनची दीड हजारांहून अधिक अनुदाने मध्येच रद्द झाली. पुढच्या वर्षासाठी सरकारने जो प्रस्ताव मांडला त्यात आरोग्य संस्थेची रक्कम सुमारे ४० टक्क्यांनी आणि सायन्स फाउंडेशनची निम्म्याहून अधिक कमी करावी असे होते. तेथील संसदेने एवढी कपात स्वीकारली नाही. पण जी अनुदाने रद्द झाली ती कशी निवडली गेली, हा ह्या प्रकरणाचा गाभा आहे.

काटकसर करायची असती तर सर्वांचेच थोडे थोडे कमी झाले असते. तसे झाले नाही. वंश, विषमता, लिंगभाव, वंचित समूह असे शब्द ज्या अर्जांत होते ते वेचून काढले गेले. काळ्या स्त्रियांचे बाळंतपणातील मृत्यू, समलिंगी व्यक्तींचे आरोग्य, गरीब वस्त्यांतील हवा असे विषय अग्रक्रमाबाहेर गेले. वंचित समाजांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मिळणाऱ्या विशेष शिष्यवृत्त्याही बंद झाल्या. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी कापल्या गेल्या: विषमतेविषयीचा प्रश्न, आणि तो प्रश्न विचारू शकणारा विषमतेचा अनुभव घेतलेला माणूस.

१६ जून २०२५ रोजी बोस्टनच्या न्यायालयात विल्यम यंग ह्या न्यायाधीशांनी आरोग्य संस्थेने केलेली अशी अनेक रद्दीकरणे बेकायदा ठरवली. हे न्यायाधीश रीगन ह्यांच्या काळात नेमले गेलेले, म्हणजे कोणी डावे नव्हेत. आपल्या चाळीस वर्षांच्या न्यायदानात सरकारकडून असा वांशिक भेदभाव झालेला आपण पाहिला नाही, असे ते भर न्यायालयात म्हणाले. पुढे २१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारला सूट दिली आणि पैशाची मागणी दुसऱ्या न्यायालयात न्यावी असे सांगितले. कायद्याचे पुढे काय व्हायचे ते होवो, पण ज्याचा पगार मे महिन्यात थांबला त्याला ऑगस्टचा निकाल काय कामाचा?

ह्याच काळात ७ मार्च २०२५ रोजी कोलंबिया विद्यापीठाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने रद्द झाली. कारण दिले गेले ते ज्यू विद्यार्थ्यांच्या संरक्षणात कुचराई केल्याचे. दोन आठवड्यांत विद्यापीठाने सरकारच्या बऱ्याच अटी मानल्या आणि जुलैमध्ये तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरण्याचा समझोता केला. हार्वर्डने अटी नाकारल्या. तेव्हा एप्रिलमध्ये त्यांचे २२० कोटी डॉलर गोठवले गेले. ३ सप्टेंबरला न्यायालयाने ते कृत्य बेकायदा ठरवले. कोलंबिया हे बाबासाहेबांचे विद्यापीठ. त्या नावाला आपल्या घराघरांत जे स्थान आहे ते पाहता तेथील माघारीची बातमी वाचताना मला दुःख झाले, हे लपवण्यात अर्थ नाही.

कोण गेले

मार्च २०२५ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकाने वाचकांना विचारले: तुम्ही अमेरिका सोडण्याचा विचार करता का? उत्तर देणाऱ्या १,६०० हून अधिक शास्त्रज्ञांपैकी ७५ टक्क्यांनी होय म्हटले. हे उत्तर स्वतःहून पाठवणाऱ्यांचे मत आहे, सर्व शास्त्रज्ञांची गणना नव्हे. आणि विचार करणे म्हणजे जाणे नव्हे. तरीही त्यात एक गोष्ट ठळक होती. तरुण संशोधकांत जाण्याची इच्छा अधिक होती.

त्याच महिन्यात फ्रान्समधील एक्स-मार्से विद्यापीठाने दीड कोटी युरोची योजना काढली. अमेरिकेत काम करणे ज्यांना अवघड झाले आहे अशा सुमारे २० संशोधकांना तीन वर्षे जागा द्यायची. थोड्याच दिवसांत तीनशेच्या आसपास अर्ज आले. ५ मे २०२५ रोजी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात युरोपीय संघाने ५० कोटी युरोचा कार्यक्रम जाहीर केला. कॅनडानेही परदेशातील संशोधक आणण्यासाठी मोठी रक्कम ठेवली. फॅसिझमवर लिहिणारे येलचे प्राध्यापक जेसन स्टॅन्ली टोरांटोला गेले. कोलंबियाने माघार घेतलेली पाहून आपण हा निर्णय केला, असे त्यांनी सांगितले.

ह्या स्वागतामागचा एक विरोधाभास लक्षात घेतला पाहिजे. ज्या फ्रान्सने पाहुण्यांसाठी दार उघडले त्याने २०२४ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या उच्च शिक्षण आणि संशोधनावरचे सुमारे ९० कोटी युरो कापले होते. नेदरलँडच्या सरकारनेही एकीकडे विद्यापीठांच्या खर्चाला कात्री लावली आणि दुसरीकडे परदेशी शास्त्रज्ञ आणण्यासाठी निधी काढला. घरातल्या मुलाच्या ताटातली भाकरी कमी करायची आणि पाहुण्याला पंगत घालायची, असा हा प्रकार. पाहुण्याचा त्यात दोष नाही. पण ह्या योजनांना विद्वानांची काळजी आहे की प्रतिष्ठेची, हा प्रश्न विचारला पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अशा योजनांत निवड कशावर होते? छापून आलेल्या निबंधांवर, मोठ्या नावांच्या शिफारसपत्रांवर, आजवर मिळवलेल्या अनुदानांवर. ही सगळी साठवलेली संपत्ती आहे. ज्याच्याजवळ ती आहे त्याचे दार उघडते. ज्याला नुकतीच पहिली संधी मिळाली होती आणि ज्याचा पहिला निबंधच प्रकल्पाबरोबर अर्धवट राहिला, त्याच्याजवळ दाखवायला काय आहे? त्यात तो परदेशी नागरिक असेल तर नोकरी संपल्यापासून फार तर ६० दिवस त्याला त्या देशात राहता येते. तेवढ्या दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर निघायचे. आईवडिलांना पैसे पाठवणे त्या ६० दिवसांतही थांबत नाही.

म्हणून मी म्हणतो, कपातीनंतर माणसांचे तीन गट पडतात. एक जाणाऱ्यांचा, दुसरा टिकून राहणाऱ्यांचा आणि तिसरा गळून पडणाऱ्यांचा. वर्तमानपत्रे पहिल्या गटाची मोजदाद करतात. तिसऱ्या गटाची वही कोणीच ठेवत नाही.

ब्रेन ड्रेन म्हणजे कोणाचा ब्रेन?

'ब्रेन ड्रेन' हा शब्द ब्रिटनमध्ये रूढ झाला. १९६३ साली तेथील रॉयल सोसायटीने देश सोडून जाणाऱ्या शास्त्रज्ञांवर अहवाल काढला. बहुतेक अमेरिकेला जात होते. देशाने शिकवले आणि फळ दुसऱ्याने खाल्ले, अशी तक्रार होती. पुढे आपल्याकडे डॉक्टर आणि इंजिनिअर जाऊ लागले तेव्हा हीच तक्रार आपल्याकडच्या अग्रलेखांतून झाली.

तक्रार खोटी नव्हती, पण ती एकांगी होती. सार्वजनिक पैशावर शिकून जे गेले ते बहुसंख्येने त्या वर्गातले होते ज्याच्या मागे पिढ्यान् पिढ्यांची विद्या उभी होती. त्यांचे जाणे राष्ट्राचे नुकसान ठरले. पण ज्या समाजाला विद्येच्या दाराशी हजारो वर्षे उभेच केले नाही, त्याची बुद्धी किती वाया गेली ह्याचा अहवाल कोणत्या सोसायटीने काढला? देशाबाहेर गेलेली बुद्धी मोजता येते, कारण तिच्या हातात पासपोर्ट असतो. देशातच गाडली गेलेली बुद्धी मोजायची तर आधी जातिव्यवस्थेचा हिशेब मांडावा लागेल, आणि तो मांडायला कोणी तयार नसतो.

येथे दोन माणसांची आठवण करणे आवश्यक आहे. पहिले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. १८९२ साली हा काळा तरुण बर्लिन विद्यापीठात गेला. पैसा स्लेटर फंड ह्या संस्थेचा होता. वर्षाला ७५० डॉलर, निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज. दोन वर्षे झाली. बर्लिनची डॉक्टरेट घ्यायला आणखी थोडा काळ हवा होता. फंडाने मुदत वाढवली नाही. १८९४ मध्ये ते परत आले. १८९५ मध्ये त्यांनी हार्वर्डची पीएच.डी. मिळवली, आणि ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण बर्लिनची पदवी राहिली ती राहिलीच.

दुसरे बाबासाहेब. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, ते न्यूयॉर्कला गेले. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर आपला निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला आले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सामान ज्या बोटीत होते ती युद्धात बुडाली, पुस्तके गेली. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला घर मिळाले नाही आणि कचेरीत शिपाई कागद दुरून टाकत. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. काही रक्कम नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून उसनी घेतली. शाहू महाराजांनी मदत केली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आपण ही कथा जिद्दीची म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण तिच्यात दुसरा धडाही आहे, आणि तो आपण पुरेसा सांगत नाही. विसाव्या शतकातील दोन अत्यंत थोर बुद्धिमंतांचा अभ्यास पैसे संपले म्हणून मध्येच तुटला. एकाचा पुन्हा जोडला गेला, कारण पगाराची शिल्लक, एक मित्र आणि एक राजा असा योग जुळून आला. ज्यांच्या बाबतीत असा योग जुळला नाही त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत. हक्क ज्याला म्हणायचा तो योगायोगावर अवलंबून असता कामा नये.

बाबासाहेबांना हे नेमके समजले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती त्यातून. परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. राजाच्या कृपेच्या जागी नागरिकाचा हक्क आणणे हा त्यामागचा विचार होता.

आणि जे गेले त्यांनी काय आणले, हेही पाहा. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले आणि ज्याला तेव्हा निग्रो साहित्य म्हणत त्याची ओळख त्यांनी मराठीतल्या दलित लेखकांना करून दिली. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले ते अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याकडे पाहूनच. तेव्हा परदेशी जाणे हे आपल्यासाठी नेहमीच नुकसान नव्हते. जाण्याचा मार्ग आणि परतण्याची जागा, दोन्ही असतील तर ते देणेघेणे आहे. यांपैकी एक नसेल तर ती हद्दपारी होते. ड्यू बॉइसना सरकारने १९५२ ते १९५८ पासपोर्ट दिला नाही. १९६१ मध्ये ते घानाला गेले आणि १९६३ मध्ये तिथेच वारले.

आपल्या घरात काय चालले आहे

अमेरिकेकडे बोट दाखवून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के खर्च करतो? २०२०-२१ चा सरकारी आकडा ०.६४ टक्के आहे. अमेरिकेचा तीन टक्क्यांच्या वर. म्हणजे आपल्याकडची कपात एका पत्राने होत नाही, ती रोजची आहे. तिला कपात म्हणण्याचीही आपली सवय गेली आहे.

परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत वर्षाला १२५ जागा आहेत, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. २०२२ मध्ये तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. ते विषय देशातच शिकता येतात, असे कारण दिले गेले. ह्याचा अर्थ नीट लावा. १९१६ चा तो जातीवरचा निबंध लिहायला निघालेला विद्यार्थी ह्या नियमाखाली अपात्र ठरला असता. जे अमेरिकेत २०२५ मध्ये झाले, म्हणजे पैशाआधी प्रश्न कापणे, ते आपल्याकडे तीन वर्षे आधीच झाले होते. त्यावर किती अग्रलेख आले?

जुलै २०२५ मध्ये ह्याच शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले. त्यांपैकी ४० जणांना पत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना सांगितले गेले की निधी उपलब्ध झाला तर पाहू. परदेशी विद्यापीठांचे वर्ग सप्टेंबरात उघडतात. निधी डिसेंबरात आला तर तो कोणाच्या उपयोगाचा? त्याच जुलैच्या पहिल्या तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील संशोधनाला स्वस्त भांडवल देण्यासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. ती योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण पैसा नाही हे कारण त्या दिवसानंतर तरी कोणी सांगू नये.

आणखी एक तुलना. परदेशस्थ भारतीय शास्त्रज्ञाने वर्षातून एकदोन महिने इकडे येऊन काम करावे म्हणून २०२३ मध्ये 'वैभव' फेलोशिप निघाली. तिची रक्कम महिन्याला चार लाख रुपये. इथे राहून बारा महिने काम करणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची केंद्रीय फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये, आणि तीही वेळेवर मिळेलच असे नाही. गेलेल्याला परत बोलावण्याची किंमत आपल्याला कळते, असलेल्याला टिकवण्याची कळत नाही.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला ती तारीख १७ जानेवारी २०१६. त्याची फेलोशिप सात महिने थकलेली होती. त्याच्या मरणाची कारणे अनेक होती, आणि बहिष्कार हे त्यांतले मुख्य. पण थकलेली फेलोशिप हा त्या बहिष्काराचाच आर्थिक चेहरा होता. डिसेंबर २०२२ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचे संसदेत सांगितले गेले. महाराष्ट्रात २०२३ साली 'बार्टी'च्या ८६१ संशोधकांच्या फेलोशिपचा प्रश्न घेऊन आपली मुले मुंबईत आझाद मैदानावर बसली होती. त्याच वर्षी डिसेंबरात 'सारथी'च्या फेलोशिपची चर्चा चालू असताना, पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल नागपूरच्या अधिवेशनात सत्ताधारी बाकांवरून आला. ज्याच्या घरात पहिल्यांदाच दिवा लागतो आहे त्याला हा सवाल कसा वाटला असेल?

आपण काय करायचे

माझ्या अल्प समजुतीप्रमाणे तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, शिष्यवृत्ती आणि फेलोशिप ह्यांना कायद्याचे बळ आणि ठरलेली तारीख हवी. 'निधी उपलब्ध झाल्यास' हे शब्द निवडपत्रातून जायला हवेत. पगाराच्या पत्रात ते कोणी खपवून घेत नाही, मग शिष्यवृत्तीच्या पत्रात का? ही मागणी एकट्या विद्यार्थी संघटनेची नव्हे. प्राध्यापकांच्या संघटनांनीही ती आपल्या मागण्यांत घातली पाहिजे.

दुसरी गोष्ट, गळून पडलेल्यांची वही आपणच ठेवायची. प्रत्येक विद्यापीठात किती दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त मुलामुलींनी पीएच.डी.ला नोंदणी केली, किती जणांची फेलोशिप किती महिने थकली, कितींनी सोडली, विषय कोणता होता, सोडल्यावर ती काय करतात? एवढी माहिती एका जिल्ह्यातले चार शिक्षक आणि दहा विद्यार्थी एका वर्षात जमवू शकतात. अमेरिकेत रद्द झालेल्या अनुदानांची यादी सरकारने नीट दिली नाही तेव्हा काही संशोधकांनी स्वतःच ती एकेक नोंद करून तयार केली. तीच यादी पुढे पत्रकारांच्या आणि वकिलांच्या कामी आली. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी न्याय मागता येत नाही.

तिसरी गोष्ट, परतणाऱ्याला जागा. आपल्या समाजातून परदेशी गेलेला मुलगा किंवा मुलगी परत आली तर तिला आपण काय देतो? सत्कार देतो, शाल देतो. वर्ग देतो का? प्रयोगशाळा देतो का? पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये निघाली आणि तिचे औरंगाबादचे महाविद्यालय १९५० मध्ये. त्यामागे हाच विचार होता की आपली विद्या आपल्या जागी उभी राहावी. वानखड्यांना परतल्यावर मिलिंद होते. आज परतणाऱ्याला काय आहे?

माझा विद्यार्थी २०२५ च्या ऑगस्टमध्ये परत आला. त्याचे प्रमुख युरोपात रुजू झाले, आणि ते चांगलेच झाले. माणूस भला आहे. त्यांचे जाणे अमेरिकेचे नुकसान म्हणून नोंदले जाईल. माझ्या विद्यार्थ्याचे येणे कोणाच्याच खात्यावर नाही. अमेरिकेच्या लेखी तो परदेशी होता आणि आपल्या लेखी तो परत आलेला बेकार. सध्या तो एका तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्ट्यांचा पगार नाही आणि पुढच्या वर्षाची हमी नाही.

मागच्या हंगामात तो ऊसतोड मजुरांच्या खोप्यांवर गेला होता. पाचटाच्या खोपीत चूल पेटते, तिच्या धुरात मुले झोपतात, रात्रभर खोकतात. ज्या प्रश्नावर तो तिकडे काम करीत होता तोच प्रश्न इकडे त्याच्या आईवडिलांच्या फडावर उभा होता. त्याने बी.ए.च्या बारा विद्यार्थ्यांना घेऊन खोपी-खोपींतून मुलांच्या खोकल्याची नोंद सुरू केली आहे. यंत्र एकच आहे, फुंकर मारून श्वास मोजण्याचे, त्याने स्वतःच्या पैशाने आणलेले. बाकी वह्या आणि पेन्सिली.

"सर, ह्याला अनुदान कुठे मिळेल?" असे त्याने मला विचारले. मी त्याला दोन सरकारी योजनांची नावे सांगितली आणि अर्ज भरायला बसलो. अर्जात पहिलाच रकाना होता: संशोधनाचा विषय राष्ट्रीय अग्रक्रमात बसतो काय? आम्ही दोघांनी मिळून लिहिले: होय.